देवमनची जीभ

देवमन म्हैसने पंगतीला बसला की वाढणाऱ्यांच्या पोटात गोळा यायचा. आता येत नाही, आणि का येत नाही तेच मला सांगायचं आहे.

मी शेखर. मूर्तिजापुरात स्टेशन रोडवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. देवमन, बुधाजी, कुर्बान आणि मी असे आम्ही चौघं शाळेपासूनचे. बुधाजीची शेती, कुर्बानचं टायर-पंक्चरचं दुकान आणि देवमनची जिनिंगमधली नोकरी. चौघांतला एकही आयुष्यात फार काही झाला नाही, म्हणून मैत्री टिकली.

जिनिंगमध्ये देवमन कापसाची प्रत ठरवायचा. शेतकऱ्याची गाडी आली की हा ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढायचा, धागा ओढून पाहायचा आणि तोंड वाकडं करायचा. कधी ओल जास्त, कधी धागा आखूड, कधी किडका कापूस मिसळलेला. चांगला कापूस त्याला आयुष्यात दिसला नसेल असं नाही, पण चांगल्याला चांगलं म्हणण्याचा पगार त्याला नव्हता. पगार होता तो तोंड वाकडं करण्याचा. घरी येताना माणूस चप्पल दाराबाहेर काढतो, पण तोंड काही काढून ठेवता येत नाही. तो तेच तोंड घेऊन जेवायला बसायचा.

याचा पहिला प्रसाद मिळाला गोदावहिनीला. लग्न होऊन आल्याच्या आठवड्यात त्यानं वरणात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, आणि पुढं तिचे केस पिकेपर्यंत सांगत राहिला. वहिनी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वरण करायची. मला तर तिचीच कमाल वाटते. मी असतो तर डोक्यावर ओतलं असतं.

पण एक कबूल करायला पाहिजे, त्याची जीभ खोटी नव्हती. तेल दुसऱ्यांदा तापवलेलं आहे, गूळ जुना आहे, फोडणीत लसूण आधी पडला आणि मोहरी मागून, हे त्याला एका घासात समजायचं. म्हणून लग्नामांडवात त्याला मान होता. आमच्याकडे पंगत बसण्याआधी घरचा कुणी जाणता माणूस भट्टीजवळ जातो, आचारी पळीभर भाजी त्याच्या तळहातावर टाकतो, तो चाखतो आणि ‘बसवा’ म्हणाला की मग पंगत बसते. आमच्या भागात हा जाणता माणूस म्हणजे देवमन. मुलगी कुणाचीही असो, भट्टीजवळ हाच. ‘मस्त’ हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. फारच खूश झाला तर म्हणायचा, ‘चालते.’ आचारी लोक त्या एका शब्दावर वर्षभर मिरवायचे.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. देवमनला ताप आला, खोकला आला, दोन्ही गेले, आणि जाताना त्याची चव आणि वास घेऊन गेले. बाकीच्यांची परत आली, याची आली नाही. सकाळी उठून हा पहिल्यांदा चिमूटभर साखर जिभेवर ठेवायचा आणि वाट पाहायचा. साखर विरघळून जायची, पण गोड लागायची नाही.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मला आता समजतं. त्याच्याकडे दुसरं होतं काय? नोकरी संपलेली, पोरगा नितेश पुण्याला, घरी दोन म्हातारी माणसं. लग्नाच्या मांडवात चार लोक ‘देवमनजी आले का’ म्हणून विचारायचे, हीच त्याची कमाई. ते गेलं असतं तर उरला असता एक टकला माणूस, ज्याला पंगतीत कुठंही कोपऱ्यात बसवलं तरी चालतं.

म्हणून तो चव पाहायला जातच राहिला. आचाऱ्यानं तळहातावर भाजी टाकली की जिभेला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ‘मीठ थोडं कमी हाये.’ आचारी चिमूटभर टाकल्यासारखं करायचे आणि पंगत बसायची. कुणाला काडीचाही संशय आला नाही. ज्यानं कधी कौतुकच केलं नाही, त्याची चव गेली काय आणि राहिली काय, वाक्य तेच.

गडबड झाली ती बुधाजीच्या करिश्माच्या लग्नात. पाहुणे बाळापूरचे, माणसं खाणारी आणि बोलणारी. आचारी होता नत्थुजी. साऱ्या तालुक्यात आलू-वांग्याची भाजी करावी तर त्यानंच. तो इतरांसारखा चिमूट टाकल्याचं सोंग करणारा नव्हता. देवमननं नेहमीचं वाक्य म्हटलं तेव्हा त्यानं स्वतः पुन्हा चाखलं आणि म्हणाला, ‘देवमनजी, बरोबर हाये जी.’

‘मंग मले काहून पुसलं?’ देवमन म्हणाला.

झालं. मांडवात पाहुणे उभे, घरधनी उभा, आणि भागातली सगळ्यात मोठी जीभ म्हणते मीठ कमी. नत्थुजीनं मिठानं ओंजळ भरली आणि भाजीच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उलटी केली.

ती भाजी मी खाल्ली आहे. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला मी मठ्ठ्याकडे धावलो तर तिथं बाळापूरचे आधीच रांगेत उभे होते. बुधाजीनं भर मांडवात नत्थुजीला नाही नाही ते बोलून घेतलं. देवमन मात्र शांतपणे जेवला आणि भाजी दोनदा मागून घेतली. आम्हाला वाटलं, केवढं मन याचं, बुधाजीची लाज राखतो आहे.

तेव्हापासून करिश्मा माहेराहून काहीही घेऊन गेली की तिची सासू डबा उघडायच्या आधी विचारते, ‘याच्यात मीठ त नाही ना पडलं?’ आणि नत्थुजीनं त्या दिवशी भट्टी विझवली ती पुन्हा कुठल्या मांडवात पेटवली नाही. बोट दाखवून लोक म्हणायचे, तो पाहा, खारा आचारी.

आता ‘आराम से’कडे येतो. कुर्बानचा पोरगा परवेज हॉटेल मॅनेजमेंट शिकला, पुण्याला एका मोठ्या हॉटेलात राबला आणि परत येऊन त्यानं अकोला रोडवर फॅमिली रेस्टॉरंट काढलं. त्याचं नाव ‘आराम से’. कुर्बाननं आम्हाला रविवारी दुपारी बोलावलं. म्हणाला, ‘पोरानं खास बलावलं हाये. देवमनले त पहिले आणजा.’

बुधाजीच्या जीपमध्ये आम्ही तिघं निघालो. रस्त्यातच बुधाजीनं देवमनला बजावलं, ‘पाय देवमन, कुर्बानचं पोरगं हाये. काही बी समोर आलं तरी गोड म्हणाचं. तोंड वाकडं नाही कराचं.’

‘नाही करत,’ देवमन म्हणाला.

इतक्या लवकर तो आजवर कशालाच कबूल झाला नव्हता. बुधाजीनं गाडी चालवता चालवता वळून त्याच्याकडे पाहिलं आणि आम्ही एका बकरीवर जाता जाता वाचलो.

कुर्बान दारातच उभा होता. नवा पांढरा कुर्ता घातलेला, हातात टायरचं काळं नाही, त्यामुळे ओळखू येईना. आत एसी, पिवळे दिवे, आणि भिंतीवर शेतीची अवजारं टांगलेली. बैलगाडीचं चाक, कंदील, पेरणीची तिफण. परवेज म्हणाला, ‘काका, हा आपला वऱ्हाडी अँबियन्स.’ बुधाजी भिंतीजवळ जाऊन एका डवऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. डवरं म्हणजे निंदणीचं अवजार, बैलामागे चालतं ते.

‘हे माह्यं व्हय,’ तो म्हणाला. ‘गेल्या साली भंगारवाल्याले देलं होतं. हे पाय, दांडा म्याच बांधला होता.’

‘मंग लेका, घरी आल्यासारखं वाटलं ना?’ कुर्बान म्हणाला आणि आम्हाला उंच खुर्च्यांवर चढवलं. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

मेनू कागदावर नव्हता. टेबलावर एक चौकोन चिकटवला होता, त्याच्यावर मोबाइल धरला की मेनू दिसणार. बुधाजीचा फोन बटनांचा, माझ्या फोनला रेंज नाही, देवमनचा चष्मा घरी. शेवटी परवेजनं स्वतः उभं राहून वाचून दाखवला. ‘ब्लॅक सॉइल बैंगन’ असं काहीतरी तो म्हणाला.

‘म्हणजे वांगं?’ बुधाजीनं विचारलं.

‘हो काका.’

‘मंग वांगं म्हण ना बाप्पा.’

आम्ही वांगं, भाकरी, वरण आणि ठेचा सांगितला. नावाप्रमाणे सगळं आरामातच आलं. तोपर्यंत आम्ही पाणी पिऊन पिऊन पोटं भरली. टेबलाच्या मधोमध एका लाकडी वाटीत गुलाबी खडे ठेवले होते. बुधाजीला वाटलं खडीसाखर, त्यानं एक तोंडात टाकला आणि रुमालात थुंकला. ‘मीठ हाये बे,’ तो माझ्या कानात म्हणाला.

मग काळ्या दगडी पाटीवर वांगी आली. माणशी दोन, देठ वर करून उभी केलेली, बाजूला सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक काडी. दिसायला फोटोसारखी. मी पहिला घास घेतला आणि मला माझा टायफॉइड आठवला.

भाजीत सगळं होतं. शेंगदाणे, तीळ, खोबरं, काळा मसाला, सगळं नीट भाजलेलं, नीट वाटलेलं. फक्त मीठ नव्हतं. कमी नव्हतं, मुळातच नव्हतं. वरण चाखलं, त्यातही नाही. ठेच्यात तरी असेल म्हणून बोट लावलं तर तिथंही नाही, आणि बिनमिठाचा ठेचा म्हणजे नुसताच मार.

मिठाची वाटी हातभर अंतरावर होती. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी जेवताना कुणी वरून मीठ घेत नाही. घेतलं तर रांधणाऱ्याच्या कानाखाली वाजवल्यासारखं होतं. आणि हे हॉटेल असलं तरी कुर्बान आमच्यासोबत जेवायला बसला होता, म्हणजे घरच झालं. आम्ही वाटीला हात लावत नाही म्हणून कुर्बानही लावेना, कारण यजमानानंच वरून मीठ घेतलं तर पोराची काय राहिली? अशी आम्ही घोड्यासारखी चार माणसं भरल्या मिठाच्या वाटीभोवती बसून अळणी जेवत होतो, आणि एकमेकांकडे पाहून हसत होतो.

‘वा,’ बुधाजी म्हणाला.

‘काही वेगळीच चव हाये,’ मी म्हणालो. हे तर खरंच होतं.

देवमनचं वेगळंच चाललं होतं. तो घास घ्यायचा आणि बुधाजीकडे पाहायचा, घास घ्यायचा आणि माझ्याकडे पाहायचा. तेव्हा मला वाटलं की दिलेला शब्द पाळतो आहे बिचारा. खरं असं होतं की आम्ही तिघं नाटक करत होतो आणि चौथा आमचं नाटक पाहून भाजीचा अंदाज बांधत होता. तीन चेहरे खूश, म्हणजे भाजी झकासच असणार.

तेवढ्यात परवेज मोबाइल घेऊन आला. ‘देवमनकाका, तुमचं मत पाहिजे. रेकॉर्ड करतो. अब्बा म्हणतात, तुम्ही पास केलं म्हणजे तालुक्यानं पास केलं.’

मोबाइलचा दिवा लागला. देवमन खुर्चीत सरसावून बसला आणि त्यानं मिशा पुसल्या. पुढं जे झालं ते मी अजून आठवून हसतो, आणि हसून झालं की वाईट वाटतं. मित्राचं पोरगं, दिलेला शब्द, आणि समोर तीन तृप्त चेहरे. देवमननं ठरवलं की एकदा म्हणून टाकू.

‘मस्त हाये,’ तो म्हणाला.

बुधाजीचा घास हातातच राहिला. पण ज्यानं जन्मात कौतुक केलं नाही त्याला ते कुठं थांबवावं हेही समजत नाही. देवमन सुटला.

‘वांगं बरोबर शिजलं. मसाला बरोबर. अन् मीठ त असं पडलं हाये, ना कमी ना जास्त. असं मीठ म्या माह्या जिंदगीत नाही चाखलं.’

कुर्बानला ठसका लागला. मी खाली वाकून चप्पल शोधू लागलो. आणि भटारखान्यात काहीतरी मोठं भांडं खाली पडलं.

दार उघडून आचारी बाहेर आला. पांढरा कोट, डोक्यावर उंच पांढरी टोपी, आणि टोपीखाली नत्थुजी. आमच्यापैकी कुणालाच तो तिथं आहे हे माहीत नव्हतं, म्हणजे कुर्बान सोडून.

‘म्या सांगतलं नाही,’ कुर्बान खोकत म्हणाला. ‘सांगतलं असतं त बुधाजी आला नसता.’

नत्थुजी बुधाजीकडे पाहतच नव्हता. तो सरळ देवमनपुढं येऊन उभा राहिला. ‘देवमनजी, मीठ कसं हाये म्हटलं?’

देवमननं आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. या वेळी तिथं काही लिहिलेलं नव्हतं. ‘चांगलं हाये,’ तो म्हणाला.

‘म्या टाकलंच नाही,’ नत्थुजी म्हणाला. ‘करिश्माच्या लग्नापासून म्या कशातच मीठ टाकत नाही. हातच होत नाही. ज्याले पाहिजे त्यानं वरून घ्यावं म्हणून वाटी ठेवली हाये. गिऱ्हाईकाले वाटते, नवी फॅशन हाये.’ त्यानं भरलेल्या वाटीकडे पाहिलं आणि मग आम्हा तिघांकडे. ‘तुमी तिघं त खोटे हा, थे दिसूनच राहिलं. पण या देवमनजीले काय झालं?’

नत्थुजीनं वाटीतला एक मोठा खडा उचलला आणि देवमनच्या तळहातावर ठेवला, मांडवात भाजी ठेवायचा तसाच. देवमननं तो तोंडात टाकला. आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. खडा दाताखाली फुटल्याचा आवाज आला, पण त्याच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही.

‘मले चव नाही, नत्थुजी,’ तो म्हणाला. ‘कोरोना झाला तवापासून नाही.’

बुधाजीला समजायला थोडा वेळ लागला. ‘म्हणजे करिश्माच्या लग्नात?’

‘नाही.’

‘तवा बी नाही?’

‘तवा बी नाही.’

बुधाजी खुर्चीवरून उतरला. ‘लेका, त्या मिठापायी माह्या पोरीले अजून ऐकून घ्या लागते. तिची सासू डबा हुंगून पायते. अन् तू दोनदा मागून खाल्ली ना रे थे भाजी.’ त्याचा आवाज चढला तसे बाजूच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. तो तरातरा भिंतीकडे गेला आणि आपल्या डवऱ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता हे काढून आणतो आणि देवमनच्या डोक्यात घालतो. पण तो नुसताच दांड्यावर हात ठेवून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

कुर्बान खालच्या आवाजात म्हणाला, ‘देवमन, हे चौघातच राहीन. परवेज, थे रेकॉर्डिंग मिटवून टाक. नत्थुजी बी कोणाले सांगणार नाही. काय नत्थुजी?’

नत्थुजीनं टोपी काढून हातात घेतली होती, ती तो नुसता फिरवत होता.

देवमनपुढं दार उघडं होतं. तो मान डोलावून घरी येऊ शकला असता आणि पुढच्या मोसमात पुन्हा भट्टीजवळ उभा राहिला असता. मी खरं सांगतो, त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. त्यानं नत्थुजीच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘परवेज, कॅमेरा चालू कर.’

‘काका, कशाला?’

‘चालू कर म्हटलं ना.’

दिवा लागला. देवमननं मघासारख्या मिशा पुसल्या नाहीत. म्हणाला, ‘मी देवमन म्हैसने. मले चार वर्षांपासून चव नाही. लग्नाइच्या भाज्या म्या चाखल्या थ्या साऱ्या खोट्या. करिश्माच्या लग्नात नत्थुजीचं मीठ बरोबर होतं. त्यानं सांगतलं होतं, मीच ऐकलं नाही. भाजी म्या खारी केली. आता मले कोणी चव पाहाले बलावू नका.’ मग परवेजला म्हणाला, ‘हे पहिले बाळापूरले पाठव. करिश्माच्या सासूले.’

‘काका, पक्कं?’

‘बटन दाब.’

परवेजनं बटण दाबलं. बुधाजी भिंतीकडेच तोंड करून उभा होता, पण त्याची मान खाली गेलेली मला दिसली.

नत्थुजी आत गेला. थोड्या वेळानं फोडणीचा असा काही आवाज आला आणि असा काही वास सुटला की बाजूच्या टेबलावरच्यांनी परवेजला बोलावून विचारलं, हे काय आहे आणि आम्हाला का नाही दिलं. नत्थुजी स्वतः कढई घेऊन आला, दगडाची पाटी बाजूला सारली आणि साध्या स्टीलच्या ताटात आलू-वांग्याची भाजी वाढली. ती भाजी कशी होती ते मी लिहीत नाही, कारण आमची दैना अशी की पोटं आधीच अळणी वांग्यानं गच्च भरलेली. चांगलं ताटात आलं तेव्हा जागाच नव्हती. तरी खाल्ली.

‘कशी हाये?’ नत्थुजीनं कुर्बानला विचारलं. मग मला विचारलं. मग बुधाजीला.

‘माह्यं चुकलं, नत्थुजी,’ बुधाजी तोंडात घास असतानाच म्हणाला. ‘त्या दिवशी लय बोललो.’

देवमनला नत्थुजीनं विचारलं नाही. राग म्हणून नव्हे, विचारायचं कारणच उरलं नव्हतं. देवमन नाकातलं पाणी पुसत जेवत राहिला. तिखट तेवढं त्याला लागतं. पण मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आचारी समोर उभा होता आणि देवमनचं मत कुणाला नको होतं.

परत येताना बुधाजीनं आम्हा दोघांना देवमनच्या दारात उतरवलं. देवमनला उतरायला हात दिला, एवढं मी पाहिलं. मग गाडी वळवून निघून गेला.

व्हिडिओ आमच्या आधी घरी पोचला होता. फिरत फिरत पुण्याला गेलेला, तो नितेशनं तिथून आईला पाठवलेला. गोदावहिनी ओट्यावर फोन घेऊन बसली होती.

‘पाह्यलं म्या,’ ती म्हणाली.

‘तुले सांगाले पाहिजे होतं,’ देवमन म्हणाला.

‘मले मालूम होतं.’

‘कवापासून?’

‘तुमी वरणाले नावं ठेवणं बंद केलं तवापासून. लोकांसाठी नाटक, घरात कोणासाठी करान? चुपचाप जेवाले लागले, मले समजलं काहीतरी बिघडलं.’

मी मध्येच विचारलं, ‘मंग वहिनी, तुमी बोलल्या काहून नाही?’

‘काहून बोलू, भाऊ? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सुखानं जेवून राहिली होती मी.’

देवमन तिच्या शेजारी ओट्यावर बसला. मग म्हणाला, ‘गोदा, मले चव होती तवा तुही वांग्याची भाजी कशी राहे?’

‘मले काय पुसता? तुमीच खाल्ली.’

‘याद नाही येत,’ तो म्हणाला. ‘लय दिवसांपासून याद करून राहिलो. म्या काय म्हटलं थेच याद येते. मीठ कमी, तेल जास्त, मसाला जळला. चव नाही याद येत.’

मी उठायला पाहिजे होतं, पण उठवेना. गोदावहिनीनं फोन पदराखाली ठेवला.

‘चांगली राहे,’ ती म्हणाली. ‘मी सांगते तुमाले. लय चांगली राहे.’

‘अन् वरण?’

‘वरणात मीठ कमीच राहे,’ वहिनी म्हणाली. ‘मी मुद्दाम कमी टाकत होती. तेवढं सापडलं की तुमी बाकीच्याले कमी नावं ठेवत होते.’

देवमननं तिच्याकडे असं पाहिलं, की तसं जिनिंगमध्ये चांगल्या कापसाकडेही कधी पाहिलं नसेल. ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली.